बावीस दातांवर शंभर मैल

आमच्या घरची सायकल माझ्याहून वयाने मोठी आहे. काळी, उंच, दांडीची. तिला गिअर नाहीत. पुढे एक दातेरी चक्र, मागे तसंच लहान चक्र, म्हणजे फ्रीव्हील, मध्ये चैन, बस्स. बाबा कामठ्याहून, म्हणजे आमच्या गावाहून, गोंदियाच्या बाजारात भाजी न्यायचे ती याच सायकलवर. स्वतःची जमीन नव्हती. दोन एकर धानाच्या बांध्या ठेक्याने करायच्या आणि विहिरीपाशी वांगी-टमाटर लावायचे, असं आमचं चालायचं. पहाटे कॅरिअरवर दोन टोपल्या, हँडलला दोन पिशव्या आणि मध्ये बाबा. मी मागून पाहायचो तेव्हा बाबा दिसायचेच नाहीत. टोपल्याच रस्त्याने निघाल्यासारख्या वाटायच्या.

या सायकलवर बाबांनी एका दिवसात शंभर मैल अंतर कापलं होतं. तेही माझ्यासाठी.

अकरावी-बारावी मी देवरीला मामांकडे राहून केली. मार्क बरे पडले आणि गोंदियाच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या यादीत माझं नाव लागलं. आमच्या घरात त्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, हे आम्हाला कळलं तेच फार उशिरा. परवा अकरा वाजेपर्यंत दाखला आणा, नाही तर जागा पुढच्या मुलाला जाईल, असं कॉलेजात सांगितलं. म्हणजे हातात मधला एक दिवस. मी टायफॉइडने पडलेलो. एस.टी.चा संप चालू होता आणि लग्नसराई असल्यामुळे जीपगाड्या वऱ्हाडात गेलेल्या. बाबा गावात दोन घरी मोटरसायकल मागायला गेले. एका घरी गाडी बिघडलेली होती, दुसऱ्या घरी पेट्रोल नव्हतं. घरी येऊन बाबांनी चाकात हवा भरली, आईला भाकरी बांधायला सांगितलं आणि पहाटे निघून गेले.

आमगाववरून ते देवरीला पोचले. शाळेच्या बाबूने दाखला लिहिला, त्यावर शिक्काही मारला. पण सही करणारे हेडमास्तर सुट्टीत आपल्या गावी गेले होते. त्यांचं गाव कोहमाऱ्याच्या अलीकडे, हायवे सोडून आत. बाबा तो बिनसहीचा दाखला घेऊन तसेच पुढे गेले, सही घेतली, आणि आल्या वाटेने परत न फिरता कोहमारा, गोरेगाव, गोंदिया असा वळसा घालून घरी आले. तेव्हा गाई नुकत्याच गोठ्यात शिरत होत्या. दाखला माझ्या उशाशी ठेवून त्यांनी मला विचारलं, "बाबू, एकशे साठ किलोमीटर म्हंजे मैल किती होतेत गा?" रस्त्याकडेच्या दगडांवरचे आकडे ते दिवसभर मनात जोडत आले होते, आणि आजोबांसारखी त्यांनाही मैलांचीच सवय होती. मी तापातच हिशेब केला आणि म्हटलं, "शंभर."

म्हणजे शंभर हा आकडा बाबांचा नव्हता, माझा होता. हे मी पुढे विसरलो. ती माझी चूक या सगळ्याच्या मुळाशी आहे.

गावात ही गोष्ट कोणी खरी मानली नाही. चौकातल्या चहाच्या टपरीवर बाबा ती सांगायचे आणि लोक हसायचे. टपरीवाले काका तर म्हणायचे, "आमगावच्या म्होरं ट्रकात टाकली असन सायकल. सांग न खरं." हळूहळू ती गावाची म्हणच झाली. कोणी मासा मोठा सांगितला, कोणी धान जास्त सांगितलं, की कोणी तरी मागून ओरडायचं, "हो गा, शंभर मैल!" बाबा चिडायचे नाहीत. पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. आमगावात कुठे पाणी प्याले, कुठे चैन उतरली, सगळं.

मी पदवीधर झालो, बी.एड. झालो, गोंदियात एका शाळेत गणिताचा शिक्षक झालो. फुलचूरला लहानसं घर घेतलं. वास्तूच्या दिवशी शाळेतले सहकारी जेवायला आले होते. बाबा नवीन धोतरात बसले होते आणि खुशीत त्यांनी ती गोष्ट काढली. माझ्या शेजारी बसलेल्या एका सरांनी भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हणालो, "बाबा थोडं वाढवून सांगतात हो."

बाबांनी गोष्ट अर्ध्यावर सोडली आणि पाणी प्यायला उठले. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

त्यानंतर पाच वर्षं मी ती गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकली नाही, आणि ऐकली नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. गेल्या माघात एका रविवारी मी कामठ्याला गेलो होतो. टपरीवर एक जण आपल्या नव्या गाडीचं ॲव्हरेज सांगत होता. लगेच मागून आरोळी आली, "हो गा, शंभर मैल!" सगळे हसले. टपरीवाले काका माझ्यापुढे कप ठेवत म्हणाले, "आता त तुझा बापच म्हनते, कमी असन म्हनून."

"कधी म्हणाले?"

"चार-पाच साल झाले. आमी छेडलं का नुसता हासते. म्हनते, असन गा, कमी असन. उतरला बुढ्याचा जोर."

काय झालं होतं ते एका क्षणात कळलं. साऱ्या गावाने हसून जे झालं नव्हतं, ते माझ्या एका वाक्याने झालं होतं. आणि मी तिथेच, विचार न करता बोललो, "काका, कमी नाही. पूर्ण शंभर आहे. मी जाऊन दाखवतो. त्याच सायकलवर, त्याच रस्त्याने, एका दिवसात."

"आन नाई झालं त?"

"तर तुम्ही म्हणता ते खरं. मग बाबांनी पुन्हा कधी बोलायचं नाही."

काकांनी ओगराळं भांड्यावर आपटलं. "आयकलं का रे सगळ्यायनं? मास्तर पैज लावून राहिला. दिवा लागाच्या आंधी इथं पायजे, बरं का!"

घरी येऊन सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "बापानं एक डाव केलं ते पुरे नाई झालं का?" बाबा बाजेवर बसून मटाराच्या शेंगा सोलत होते. सोलता सोलताच म्हणाले, "माझ्या सबदाची पैज तू कायले लावली?"

"तुमचं खरं आहे म्हणून."

"मंग फुलचूरले काऊन नाई सांगतलं?"

त्यांनी मान वर केली नाही. आई स्वयंपाकघरात निघून गेली. बाबांनी शेंगा सोलून संपवल्या, टरफलं गोळा करून गाईपुढे टाकली आणि म्हणाले, "चैत लागाच्या आंधी जाजो. मंग ऊन सोसत नाई."

दीड महिना मी तयारी केली. रोज पहाटे फुलचूरहून मुर्री, मुर्रीहून पुढे, असं करत अंतर वाढवत नेलं. आणि मग मी ती गोष्ट केली, जी शिकलेला माणूसच करू शकतो. कागद घेऊन हिशेब मांडला. बाबांच्या सायकलला मागे बावीस दातांचं फ्रीव्हील होतं. बाजारात सगळ्यांच्या सायकलला अठरा दातांचं असतं. दात कमी, तर एका पॅडलमध्ये चाक जास्त फिरतं. मी चाकाचा घेर काढला, भागाकार केला. अठरावर गेलो तर दिवसभरात पॅडलचे साडेसहा हजारांहून जास्त फेरे वाचत होते.

सायकल गोंदियाच्या मिस्त्रीकडे नेली. बाबाही आले होते. मिस्त्री म्हणाला, "मास्टरजी, लोड नहीं ले जाना है तो अठरा ही लगाओ. गाड़ी उड़ेगी."

बाबा म्हणाले, "बावीसच राहू दे बाबू."

मी खिशातून कागद काढून त्यांना दाखवला, आकड्यावर बोट ठेवून समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गनित बरोबर असन तुझं." मिस्त्रीने जुनं फ्रीव्हील काढलं, नवं बसवलं, चैन ढिली पडली म्हणून तिची एक कडी काढली. बाबांनी ते जुनं फ्रीव्हील उचललं, जमिनीवर पडलेली कडीही वेचली, धोतराला पुसली आणि खिशात टाकली. मला वाटलं, भंगार म्हणून घेतली असेल.

रविवारी पहाटे साडेतीनला निघालो. आईने भाकरीची पिशवी कॅरिअरला ट्यूबच्या पट्टीने बांधली. बाबा म्हणाले, "भाकर देवरीले खाजो, आंधी नाई. आन चढ दिसला का दम सुटाच्या आंधी उतरजो. उतराची लाज धरू नको."

आमगावपर्यंत खरंच सायकल उडाली. रस्ता रिकामा, हवा गार, दोन्ही बाजूंना उन्हाळी धानाला पाणी दिल्याचा ओला वास. मी मनातल्या मनात वाचलेले फेरे मोजत होतो. आमगाव सोडलं, उजाडलं, आणि समोरून वारा सुरू झाला. तो काही वादळ नव्हता, नुसता वारा. पण अठरा दात आणि वारा यांचं जमेना. प्रत्येक पॅडल विहिरीतून बादली ओढल्यासारखं यायला लागलं. गिअरची सायकल असती तर एक कळ दाबून मोकळा झालो असतो. इथे जे मागे बसवलंय तेच दिवसभर. एका चढाला बाबांचं बोलणं आठवलं, पण शेजारून एक शाळकरी मुलगी सायकलवर बसूनच चढली, म्हणून मीही उतरलो नाही. वर पोचेपर्यंत डाव्या गुडघ्यात सुई टोचल्यासारखं झालं. त्यानंतर ती सुई निघालीच नाही.

देवरीला पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. अजून तिसरा हिस्साही झाला नव्हता. सायकल शाळेच्या भिंतीला लावली, खाली बसलो तर गुडघा वाकेना. समोर एक मालाचा टेम्पो गोंदियाकडे तोंड करून उभा होता. ड्रायव्हरने सायकलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चलना है क्या सर? ऊपर डाल देंगे." मी लगेच 'नाही' म्हणू शकलो नाही. हे मला लिहावंसं वाटतं. मी त्याला म्हटलं, "पाच मिनिट." त्या पाच मिनिटांत मला टपरी दिसली, काकांचं ओगराळं दिसलं, आणि बाबा दिसले, ते काही बोलणार नाहीत, नुसते हसतील, म्हणतील, असन गा.

निदान भाकर खाऊन ठरवू म्हणून पिशवी सोडली. तांदळाच्या चार भाकरी, लसणाची चटणी, गुळाचा खडा. पिशवी मात्र अजून जड होती. तळाशी फडक्यात काही तरी बांधलं होतं. गाठ सोडली. बावीस दातांचं फ्रीव्हील होतं, घासलेट लावून चकचकीत केलेलं. सोबत चैनची ती एक कडी, आणि फ्रीव्हील खोलायचा पाना.

भाकर देवरीलाच खा, आधी नाही, असं बाबा का म्हणाले ते तेव्हा कळलं. आधी दिलं असतं तर मी घेतलंच नसतं. पुन्हा कागद काढला असता.

मी टेम्पोवाल्याला हात जोडले. तो हसला आणि गेला.

सायकलचा मिस्त्री शाळेपासून थोडा पुढे सापडला. दुकान नुकतंच उघडत होता. त्याने मागचं चाक फिरवून पाहिलं. "अठरा कोनं लावलं?"

"मीच. हिशेब केला होता."

"रिकाम्या सायकलले अठरा चांगलं हाये न सर. पन तुमी बसून राहिले न तिच्यावर!"

त्याने नवं काढलं, जुनं बसवलं, कडी जोडली, चाक सरकवून चैन ताणली. अठरा दातांचं चमकदार फ्रीव्हील मी फडक्यात बांधून पिशवीच्या तळाशी टाकलं. त्याने माझा गुडघा पाहिला आणि सीटही दोन बोटं वर केली. "कुठं चालले?" मी सांगितलं. तो म्हणाला, "कोनी बिमार हाये का तिकडं?" नाही म्हटल्यावर त्याने जास्त विचारलं नाही.

बावीसवर पाय हलका झाला. चाक हळू जातं, पाय जास्त फिरतात, पण पायाला ओझं कळत नाही. बाबा भाजीच्या ओझ्यासाठी हे वापरायचे असं मी समजत होतो. खरं तर ते माणसासाठी होतं, म्हणजे संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसासाठी. देवरीच्या पुढे रस्ता आता चौपदरी झाला आहे, पण जंगल तेच. मोहाची फुलं पडायचे दिवस होते. सकाळपासून वेचलेल्या फुलांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन बाया रस्त्याच्या कडेने परतत होत्या आणि त्या गोड, जड वासातून मी सायकल हातात धरून चढ चालत होतो. एक म्हातारी माझ्या बरोबरीने चालता चालता म्हणाली, "पंचर झाली का गा?"

"नाही आजी, चढ आहे म्हणून उतरलो."

"बरं केलं," ती म्हणाली.

दुपारी एकच्या सुमारास हेडमास्तरांच्या गावाच्या फाट्याशी पोचलो. आत जाणारा रस्ता लहान, त्यावर अंतराचे दगड नाहीत. त्या गावात मला काही काम नव्हतं. पण बाबा गेले होते, म्हणून जाणं भाग होतं. घर विचारत गेलो. हेडमास्तर गेल्या वर्षी वारले होते. त्यांच्या पत्नी ओसरीवर मोहाची फुलं वाळत घालत होत्या. मी सायकल अंगणात उभी केली आणि सावलीत बसलो. पाणी मिळालं. मी कोण, कुठला ते सांगितलं, आणि विचारलं, "फार वर्षांपूर्वी एक माणूस देवरीहून सायकलवर सरांची सही घ्यायला आला होता. तुम्हाला आठवणार नाही, पण..."

"आधी ती सायकल सावलीत घे बाबा," त्या म्हणाल्या. "ट्यूब फुटेल उन्हानं."

मी उठून सायकल आत घेतली.

"त्यानं असंच केलं होतं," त्या म्हणाल्या. "जूनचं ऊन होतं. आमचं छप्पर तेव्हा लहान. त्यानं सायकल सावलीत लावली आणि स्वतः उन्हात बसला. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही तर आत या. तर म्हणे, मले काही होत नाई बाई, ट्यूबले तीन जोड हायेत. जेवायला थांबवलं तर थांबला नाही. म्हणे, दिवस बुडायच्या आधी पोचायचं आहे. सर पुष्कळ दिवस सांगायचे, की एका सहीसाठी एवढा कोणी आला नाही." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "झाली होती का ती ॲडमिशन?"

मी म्हटलं, "झाली. मी गणित शिकवतो आता." त्यांनी आत जाऊन ताकाचा तांब्या आणला आणि म्हणाल्या, "तू तरी जेवून जा." मीही थांबलो नाही.

खरं तर मला हवं होतं ते तिथेच मिळालं होतं. शंकाही नव्हती उरली आणि साक्षही होती. पण पैज शब्दांची नव्हती, रस्त्याची होती, आणि निम्म्याच्या थोडंसंच पुढे झालं होतं. कोहमारा गेलं. गोरेगावच्या रस्त्याला लागलो तेव्हा डांबर तापून चाकाला चिकटल्यासारखं वाटत होतं. बाबा या रस्त्याने जूनमध्ये गेले होते, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, तीन जोडांच्या ट्यूबवर. मी तिशीतला, पोटात गूळ-भाकर, खिशात मोबाइल. दर तासाला उतरलो, सायकल झाडाखाली लावली, पाणी प्यालो, निघालो. एका हँडपंपावर डोकं भिजवलं. गोरेगावनंतर पाय दुखतात की नाही हे कळेनासं झालं. ते आपोआप फिरत होते, चैनसारखे. फुलचूरजवळ आलो तर माझं घर अगदी जवळ. आत शिरलो असतो तर थंड पाणी, खाट. मी त्या बाजूला पाहिलंच नाही. गोंदियाच्या गर्दीत एका ऑटोवाल्याने खेकसून विचारलं, "सो रहा है क्या चाचा?" तिशीतच मी चाचा झालो होतो.

कामठ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा सूर्य टेकला होता. शेवटचे तीन-चार किलोमीटर मी दर दगड मोठ्याने वाचत गेलो.

टपरीवर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. बाबाही होते, पण आत बाकावर नाही, बाहेर, लिंबाखाली उभे. आई त्यांच्या मागे. कोणाच्याही घरात अजून दिवा लागला नव्हता. मी सायकल स्टँडवर लावली आणि पहिल्यांदा बाबांनी मागच्या चाकाकडे पाहिलं. बावीस. त्यांच्या मिशीचं टोक हललं.

काकांनी माझा मोबाइल मागितला. गेलेला सगळा रस्ता त्यात उमटला होता. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, मग शेजारच्या पोराला वाचायला दिला. पोरगा म्हणाला, "एकशे सहासष्ट किलोमीटर."

"म्हंजे किती मैल?"

"एकशे तीन," मी म्हणालो. "वरचे सहा किलोमीटर त्या आतल्या गावाच्या रस्त्याचे, जाऊन-येऊन. तिथे दगड नाहीत. दगड नाहीत म्हणून बाबांनी ते धरलेच नव्हते. बाबा वाढवून सांगत नव्हते काका. कमी सांगत होते." हे मी काकांना सांगत होतो, पण पाहत बाबांकडे होतो. आणि पुढचं त्यांनाच सांगितलं. "फुलचूरला मी चुकलो बाबा."

बाबा म्हणाले, "पानी पे आंधी."

कोणी हसलं नाही. काका गाळणी हातात घेऊन तसेच उभे होते. चहा उतू जायला आला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मग ते स्टोव्हकडे पाहतच म्हणाले, "पेट्रोल होतं गा त्या दिवशी."

मला आधी कळलंच नाही, कोणत्या दिवशी. बाबांना कळलं.

"मले मालूम होतं," बाबा म्हणाले. "टाकी हालवून पायली होती मी. गाडी नवी होती तुझी. आपन बी नसती देली." मग बाकावर येऊन बसले. "चहा पाय, उतू जाऊन राहिला."

पेट्रोल नसलेलं ते दुसरं घर काकांचं होतं, आणि इतकी वर्षं काका का हसत आले होते, ते मला त्या संध्याकाळी कळलं. ती गोष्ट खरी मानली असती, तर त्यांना रोज ती नवी गाडी आठवली असती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून रजा घेतली होती. फुलचूरपर्यंत जाणं शक्य नव्हतं म्हणून कामठ्यालाच राहिलो. सकाळी बाबांनी सायकल उलटी करून धुतली, छऱ्यांना तेल दिलं आणि मला हाताला धरून टपरीवर नेलं. तिथे पाच वर्षांनी त्यांनी गोष्ट काढली. आपली थोडक्यात उरकली आणि माझ्यावर आले. "माझा पोरगा," ते म्हणाले, "अठरा दातांवर गेला! अठरा! वारा तोंडावर. एकाबी चढाले उतरला नाई."

बाबा वाढवून सांगत होते. आयुष्यात पहिल्यांदा, आणि माझ्यासाठी. गप्प बसलो असतो तर त्यांना बरं वाटलं असतं. पण याच बाबतीत गप्प बसायचं नाही, एवढं मी एकशे तीन मैलांत शिकलो होतो.

"नाही," मी म्हणालो. "देवरीपर्यंतच अठरावर गेलो, तिथे बसकण मारली. टेम्पोत बसणार होतो. बाबांनी भाकरीखाली बावीसचं फ्रीव्हील ठेवलं होतं, ते बसवलं म्हणून आलो. आणि पुढे प्रत्येक चढाला उतरलो."

बाबांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. "सांगाची काय गरज होती बाबू?"

काका हसायला लागले. पण ते हसणं जुनं नव्हतं. त्यांनी तीन कप ओतले, एक माझ्यापुढे ठेवला, एक बाबांपुढे, आणि तिसरा स्वतः घेऊन बाबांच्या शेजारी बाकावर बसले. "आता तू सांग गा, पयलेपासून," ते बाबांना म्हणाले. "आमगावले पानी कुठं पेला होता?"